‘भामटा’ कोणाला म्हणायचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा, वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेला मजकूर)



समितीच्या लोकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, एका शब्दावर बोलतो. त्यांना वाटलं, ‘शील’ किंवा ‘मैत्री’ असा एखादा शब्द असेल. मी म्हटलं, नाही, ‘भामटा’ या शब्दावर बोलायचं आहे. ते जरा गप्प झाले. वर्धापनदिनाला हा कसला विषय, असं त्यांच्या मनात आलं असणार. पण मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. शब्दांचा हिशेब मागायची खोड जडलेली आहे, ती आता जायची नाही. आणि या शब्दाचा हिशेब मला याच सभागृहात, याच जागी द्यावा लागलेला आहे. तो प्रसंग आधी सांगतो, म्हणजे विषय का घेतला ते कळेल.

आपल्या कॉलनीत काही वर्षांपूर्वी एक योजना आली होती, हे मोठ्या माणसांना आठवत असेल. महिन्याला ठरावीक रक्कम भरा, ठरावीक मुदतीनंतर दुप्पट घ्या. माणूस गोड बोलणारा, टाय लावलेला, हातात चामडी बॅग, छापील पावती-पुस्तक. पहिल्या चार-सहा जणांना पैसे खरोखर मिळाले. मग काय, रांगा लागल्या. कोणी मुलीच्या लग्नाचे भरले, कोणी फंडाचे भरले. मीही अठरा हजार भरले. मास्तर असून भरले, हे लपवत नाही. एके दिवशी ऑफिसला कुलूप दिसलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

त्या वर्षीच्या वर्षावासात चौथ्या शीलावर बोलायची पाळी माझ्यावर आली. मनात राग होताच. मी त्या माणसाला उद्देशून ‘भामटा’, ‘भामटे लोक’, ‘भामटेगिरी’ असं अर्धा तास बोललो. लोकांना आवडलं. टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपला, चहा झाला, लोक चपला शोधू लागले, तेव्हा मागच्या रांगेत नेहमी बसणारी एक बाई जवळ आली. ती पलीकडच्या चाळीत राहते. आपल्या समाजाची नाही, पण प्रवचन ऐकायला येते. म्हणाली, “सर, एक बोलू का? राग नका मानू.” म्हटलं, “बोला ना ताई.” ती म्हणाली, “तुम्ही आज जो शब्द इतक्या वेळा घेतला ना, तो माझ्या पोराच्या दाखल्यावर आहे.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग तिने सांगितलं. शाळेत शिष्यवृत्तीची यादी वाचताना बाईंनी मुलाचं नाव आणि पुढे जात मोठ्याने वाचली. सगळा वर्ग हसला. पोरगा घरी आला, दप्तर टाकलं आणि विचारलं, “आई, आपण चोर आहोत का?”

मी मराठीचा शिक्षक. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा जाती आहेत. बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद. ही यादी मी वर्गात पोरांचे अर्ज भरताना शंभर वेळा पाहिली असेल. पण व्याख्यान देताना ती आठवली नाही. तोंडात आलेला शब्द तसाच बाहेर टाकला. त्या रात्री शब्दकोश काढून बसलो आणि तेव्हापासून या शब्दाच्या आणि त्याच्या भाईबंदांच्या मागे लागलो आहे. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात ‘भामटा’पासून न करता त्याच्या थोरल्या भावापासून करू. तो शब्द म्हणजे ‘ठक’. हिंदीत ठग. ‘ठकास महाठक’ ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. ठकणे, ठकवणे, ठकबाजी हे सगळं एका कुळातलं. हा शब्द संस्कृतातल्या ‘स्थग्’ या धातूपासून आलेला आहे. संस्कृतातला ‘स्थ’ लोकांच्या तोंडी ‘ठ’ होतो. स्थानाचं ठाणं झालं, तसंच हे. आता ‘स्थग्’ म्हणजे काय? फसवणे? नाही. ‘स्थग्’ म्हणजे झाकणे. ठक म्हणजे मुळात झाकणारा.

हे कळलं तेव्हा मला फार मौज वाटली. कारण हाच धातू आपल्या पालीतही आहे. ‘थकेति’ असं रूप आहे. अर्थ काय, तर झाकतो, बंद करतो. बहुतेक ठिकाणी तो दार-खिडकीबद्दल येतो. भिक्खूने विहाराचं दार लावलं, खिडकी लावली, तर ‘थकेति’. त्यात कसलं पाप नाही. ‘ग’चा ‘क’ झालेला आहे, तसा आपल्या मराठी ‘ठक’मध्येही झालेला आहे. आणि अजून एक नातेवाईक आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, तो म्हणजे ‘स्थगित’. विधानसभा स्थगित, सुनावणी स्थगित, स्थगन प्रस्ताव. मूळ अर्थ झाकलेलं, तिथून थांबवलेलं. कोर्टाची तारीख पुढे गेली की आपले लोक चिडून म्हणतात, आम्हाला ठकवलं. व्याकरणाच्या दृष्टीने अगदीच चुकीचं नाही ते!

हे कूळ सातासमुद्रापार पसरलेलं आहे. आपली संस्कृत-पाली आणि युरोपातल्या लॅटिन, ग्रीक, इंग्रजी या भाषा लांबच्या बहिणी आहेत, हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. या धातूची लॅटिनमधली बहीण म्हणजे ‘तेगेरे’, अर्थ झाकणे. तिच्यापासून छपरावरची ‘टाईल’ आली. अंगावर पांघरूण घालून जपणारं ‘प्रोटेक्ट’ आलं. गवताच्या छपराला इंग्रजीत ‘थॅच’ म्हणतात, तेही याच मुळाचं. आणि झाकलेलं उघडं करणे म्हणजे ‘डिटेक्ट’. त्यावरून ‘डिटेक्टिव्ह’. म्हणजे गंमत पाहा, ठक आणि त्याला पकडणारा डिटेक्टिव्ह, दोघे एकाच आजोबाचे नातू. एक झाकतो, दुसरा झाकण काढतो.

आपल्या मराठीनेही फसवणुकीचं चित्र असंच पाहिलेलं आहे. दुसरा एक संस्कृत धातू आहे ‘छद्’. त्याचाही अर्थ झाकणे. त्यातून ‘छत्र’ आलं, त्याचीच आपली छत्री. आणि त्यातूनच ‘छद्म’ही आलं, म्हणजे कपट. आपण म्हणतो ना, छद्मी हसला. आपण एखाद्याला ‘टोपी घालतो’. साहेबाच्या चुकीवर ‘पांघरूण घालतो’. सगळीकडे झाकणंच आहे. खोटं बोलणाऱ्याची करामत त्याच्या बोलण्यात थोडी आणि जे बोलला नाही त्यात जास्त असते, हे शब्द घडवणाऱ्या साध्या माणसांना कळलेलं होतं. आमच्या योजनेवाल्याने तरी काय खोटं सांगितलं? पहिल्या लोकांना पैसे मिळाले हे खरंच होतं. ते मागून येणाऱ्या लोकांच्या खिशातले होते, एवढंच झाकलं.

आता पालीत आणखी थोडं थांबतो, कारण इथे ते ऐकायला कान आहेत. सामञ्ञफल सुत्तात शीलाचं वर्णन येतं. त्यात भिक्खू कशाकशापासून दूर असतो, याची यादी आहे. त्या यादीत ‘तुलाकूट’, ‘कंसकूट’ आणि ‘मानकूट’ असे तीन शब्द येतात. कूट म्हणजे खोटं. खोटा तराजू, खोटा धातू, खोटं माप. पुढे वंचन आणि निकती, म्हणजे ठकवणे आणि लबाडी. पाचव्या शतकातल्या आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथेत याचा अर्थ सांगताना बाजारातली बारकी बारकी माहिती दिलेली आहे. वाचताना वाटतं, हे भन्ते कधीतरी तराजूसमोर नीट उभे राहिले असावेत. तराजूची एक जात ते अशी सांगतात की दांडी आतून पोकळ करायची, तिच्यात लोखंडाचा भुगा भरायचा. माल घेताना भुगा मागच्या टोकाला सरकवायचा, देताना पुढच्या टोकाला. आणि या तराजूला नाव काय दिलं आहे? ‘पटिच्छन्न’. म्हणजे झाकलेला. तोच आपला ‘छद्’ धातू.

कंसकूटाची गोष्ट तर कालच्या पेपरातली वाटावी. एक भांडं खऱ्या सोन्याचं करायचं. दुसरी दोन-तीन पितळेची, वरून सोन्याचा मुलामा दिलेली. मग खेडेगावात जायचं. लोक म्हणाले, सोनं खरं कशावरून, तर खरं भांडं कसोटीवर घासून दाखवायचं आणि विकताना मुलाम्याची विकायची. तेव्हाचा लबाड आणि आजचा लबाड एकाच शाळेत शिकलेले आहेत.

जातकांमध्ये कूटवाणिज जातक नावाची गोष्ट आहे. मुलांसाठी सांगतो. गावातल्या एका व्यापाऱ्याने शहरातल्या व्यापाऱ्याकडे पाचशे नांगराचे फाळ ठेवायला दिले. शहरवाल्याने ते विकून टाकले आणि त्या जागी उंदरांच्या लेंड्या टाकून ठेवल्या. गाववाला आला, तर म्हणतो, अरे, फाळ उंदरांनी खाल्ले! गाववाला काही बोलला नाही. शहरवाल्याच्या मुलाला आंघोळीला नदीवर घेऊन गेला, एका ओळखीच्या घरी लपवलं आणि परत येऊन सांगितलं, पोराला घारीने उचलून नेलं. प्रकरण न्यायाधीशाकडे गेलं. न्यायाधीश म्हणजे बोधिसत्त्व. घार मूल कसं नेईल, असं त्यांनी विचारलं. तर हा म्हणतो, महाराज, उंदीर लोखंड खात असतील तर घार मूल का नेणार नाही? पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. फाळ परत, मूल परत.

यात माझ्या मनाला लागलेली गोष्ट अशी की या याद्यांत आणि गोष्टींत फसवणुकीच्या कृतीला नाव आहे, हत्याराला नाव आहे. तराजू खोटा, माप खोटं. गोष्टीतला लबाड तर शहरातला पत असलेला व्यापारी आहे. अमुक लोक जन्माने लबाड, अशी ओळ त्यात नाही. आणि वासेट्ठ सुत्तात तर हे सरळच सांगितलेलं आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद होता, ब्राह्मण जन्माने की कर्माने. भगवंतांनी गवत, झाडं, किडे, पशू, पक्षी यांची उदाहरणं दिली. यांच्यात जन्माने वेगळ्या जाती दिसतात, माणसांत तशा दिसत नाहीत. शेती करील तो शेतकरी, व्यापार करील तो व्यापारी, आणि न दिलेलं घेऊन जगेल तो चोर. चोरसुद्धा कर्माने! आपण हे सुत्त ब्राह्मणापुरतं वाचतो आणि चोराची ओळ सोडून देतो. मीही सोडली होती.

आता इतिहासाकडे वळतो. ‘ठग’ हा शब्द जुना आहे. झियाउद्दीन बरनी नावाचा इतिहासकार चौदाव्या शतकात लिहितो की सुलतान जलालुद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे १२९० च्या सुमारास, दिल्लीत हजारभर ठग पकडले गेले. सुलतानाने एकालाही मारलं नाही, होड्यांत बसवून बंगालच्या बाजूला लखनौतीकडे नेऊन सोडून दिलं. दिल्लीची पीडा बंगालला! ते असो.

खरा बदल झाला तो कंपनी सरकारच्या राज्यात. विल्यम स्लीमन हा अधिकारी जबलपूरकडे होता. त्याच्या नावाचं स्लीमनाबाद आजही मध्य प्रदेशात आहे. वाटसरूंशी गोड बोलून, सोबत करून, रुमालाने गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्यांच्या मागे तो लागला. टोळ्या होत्या, खून होत होते, यात वाद नाही. वाद आहे तो पुढचा. स्लीमनने १८३६ साली ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोशच छापला आणि ठग म्हणजे देवीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या खून करणारा पंथ, असं चित्र उभं केलं. मिडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली आली आणि विलायतेत खूप खपली. या चित्रातला बराच भाग माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभा आहे. गळ्यापाशी फास असताना माणूस साहेबाला काय ऐकायचं आहे तेच सांगतो, ही शंका पुढच्या अनेक अभ्यासकांनी घेतली आहे. शब्द मात्र इंग्रजीत पक्का बसला. आज अमेरिकेत कुठल्याही गुंडाला ‘थग’ म्हणतात. हा शब्द हिंदुस्थानातून गेला, हे तिथल्या रस्त्यावरच्या माणसाच्या गावीही नसेल.

आणि १८३६ साली ठगांसाठी एक कायदा झाला, तो नीट लक्षात घ्या. अमुक खून तू केलास, हे सिद्ध करायची गरज नाही. तू ठगांच्या टोळीत होतास एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. टोळीत असणं हाच गुन्हा. इथे ‘ठग’ हा शब्द कृतीपासून सुटला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘ठग’ या शब्दाची व्याख्या ३१० व्या कलमात आणि शिक्षा ३११ व्या कलमात होती. ती कलमं आपल्या स्वातंत्र्यानंतरही पुस्तकात तशीच राहिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ती नाहीत. जाता जाता सांगतो, ‘चारसोबीस’ हा आपला लाडका शब्द त्याच १८६० च्या पुस्तकातला. फसवणुकीचं कलम ४२०, शिक्षा सात वर्षांपर्यंत. राज कपूरच्या १९५५ च्या सिनेमाने तो खेड्यापाड्यांत नेला. आता नव्या संहितेत ते कलम ३१८ चं चौथं उपकलम झालं आहे. पण लोक काही कोणाला “तीनशेअठरा आहे लेकाचा” म्हणणार नाहीत. तीन पिढ्यांच्या तोंडात बसलेला आकडा सरकारी राजपत्राने निघत नाही.

ठगांच्या कायद्याने जी वाट पाडली, तिच्यावरून पुढची गाडी आली १८७१ साली. गुन्हेगार जमाती कायदा. त्या वेळचा युक्तिवाद ऐका. या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो, मग चोराचा मुलगा चोरच होणार. म्हणजे साहेबाने आपली जातव्यवस्था उचलली आणि तिला कायद्याचा शिक्का मारला. आधी कायदा उत्तरेकडे होता, १९११ च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यासह सगळीकडे नेता आला, १९२४ साली पुन्हा एकत्र केला. जमातीचं नाव एकदा यादीत आलं की त्यातल्या माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. काहींना तारेच्या कुंपणात वसवलं. सोलापूरची सेटलमेंट प्रसिद्ध आहे. तिथल्या लोकांनी गिरण्यांत काम केलं आणि हजेरीही दिली. मूल जन्मलं की गुन्हेगार! त्याने अजून डोळेही नीट उघडलेले नसतात.

आता आपल्या भामट्याकडे येतो. रसेल आणि हिरालाल यांचं मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचं चार खंडांचं पुस्तक १९१६ साली निघालं. त्यात भामट्यांवर प्रकरण आहे. बाजारातली, जत्रेतली, पुढे रेल्वेतली उचलेगिरी हा त्यांचा धंदा, असं वर्णन आहे. वर्ध्याकडे म्हणे पूर्वी असं बोललं जाई की पोलिसांनी चौदा वेळा पकडल्याशिवाय भामट्याच्या पोराला कोणी मुलगी पत्करत नसे. वाचताना कोणालाही हसू येईल. मलाही आलं. मग त्या बाईचा चेहरा आठवला. कुठल्या तरी पारावर केलेली चेष्टा साहेबाच्या पुस्तकात गेली, आणि पुस्तकातून ती पुरावा म्हणून बाहेर आली. त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, ती कोणी सांगत नाही. यातले पुष्कळ लोक ताग पिकवतात, त्याच्या दोऱ्या वळतात, पट्ट्या आणि गोणपाट करतात. दोर वळणारी माणसं! पण मराठी भाषेने त्यांच्या दोराचा शब्द घेतला नाही, चोराचा घेतला.

तेव्हा हे दोन शब्द उलट्या दिशांनी चाललेले आहेत. ‘ठग’ हा कृतीचा शब्द होता, तो माणसांच्या गटावर शिक्का म्हणून मारला. ‘भामटा’ हे माणसांच्या गटाचं नाव, ते फसवणुकीच्या कृतीला दिलं. रोज सकाळी पेपर उघडा. ‘भामट्यांनी वृद्धेचे दागिने लांबवले’, ‘तोतया पोलीस भामटा जेरबंद’. मथळा लिहिणाऱ्याच्या मनात कोणाची जात नसते, हे मी मानतो. माझ्याही मनात नव्हती. पण ते मथळे शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या पोरालाही वाचता येतात.

त्या चौदा नावांतलं शेवटचं नाव छप्परबंद. हे लोक मोगली फौजेबरोबर फिरून छपरं शाकारणारे होते, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे खोटी नाणी पाडणारे म्हणून ते पोलिसांच्या यादीत गेले. ‘ठक’ शब्दाच्या पोटात छप्पर आहे, आणि छपरं घालणाऱ्या जातीला सरकारने ठकांच्या यादीत घातलं. हा योगायोगच, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

कोणी म्हणेल, सर, शब्द आहे हो, एवढं काय मनावर घ्यायचं? आपण तरी हे म्हणू नये. ‘गाव तेथे महारवाडा’ ही म्हण आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली आहे. चांगल्याबरोबर वाईट असायचंच, असा तिचा अर्थ गुरुजी फळ्यावर लिहायचे. वर्गात खाली मान घालून तो अर्थ वहीत उतरवून घेतलेली माणसं आज या सभागृहात बसलेली आहेत. मीही उतरवला आहे, सुवाच्य अक्षरात. तीच माणसं घरी बायको भांडली की “कैकाडणीसारखी ओरडू नको” म्हणतात. मी माझ्या घरातलं सांगतो, दुसऱ्याच्या घरातलं मला काय माहीत!

बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्यांच्या जोडीला आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांची गणना केलेली आहे. या जमातींची संख्या त्यांनी दोन कोटींच्या आसपास धरली आहे. ज्या समाजरचनेने अस्पृश्य निर्माण केले, तिनेच हेही निर्माण केले, असा त्यांचा रोख आहे. आपण तो ग्रंथ अस्पृश्यतेच्या उगमासाठी वाचतो, ते बरोबरच आहे. पण पहिल्याच पानांवर ही माणसं आपल्या शेजारी बसलेली आहेत.

तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती मुक्त झाल्या. म्हणून त्यांना विमुक्त म्हणायचं आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी! त्यानंतर निरनिराळ्या राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले आणि संशय पुन्हा त्याच वस्त्यांवर राहिला. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ साली. दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘उचल्या’ हे नावच पाहा, लोकांनी मारलेला शिक्का गायकवाडांनी पुस्तकाच्या कपाळावर लावला. आपल्या वाचनालयात ते आहे, पण कार्डावर गेल्या कित्येक वर्षांत तीनच तारखा आहेत. पुढे २००८ साली रेणके आयोगाचा अहवाल आला, नंतर इदाते आयोग झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगाच्या नियमावलीत जातीवर कामं वाटली जात, विमुक्त जमातींच्या माणसांना सराईत समजलं जाई, ते न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. १८७१ ते २०२४, मोजा किती वर्षं झाली.

आता त्या बाईचं राहिलं. पुढच्या रविवारी मी इथे उभा राहून माफी मागितली. ती आलेलीच नव्हती. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या रविवारी आली, मुलाला घेऊन. मी पुन्हा उभा राहिलो, पुन्हा तेच बोललो. पोरगा दहा-अकरा वर्षांचा असेल. तो माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता. भिंतीवर काय आहे म्हणून मी वळून पाहिलं, तर योजनेच्या प्रकरणानंतर आपणच रंगवून घेतलेली पाटी! ‘भामट्यांपासून सावध राहा’. तांबड्या अक्षरात, हातभर मोठी. मी माफी मागत होतो आणि माझ्या डोक्यावर ती पाटी होती.

समितीची बैठक झाली. पाटी बदलायची यावर वाद नव्हता, लिहायचं काय यावर दोन तास गेले. एक म्हणाला, ‘ठकांपासून’ लिहा. दुसरा म्हणाला, आजच्या पोरांना ठक कळत नाही. ‘लुच्चे’, ‘लफंगे’ ही नावं आली; ती विहाराच्या भिंतीवर बरी दिसणार नाहीत, असं भन्ते म्हणाले. मी ‘कूटवाणिजांपासून’ सुचवलं, त्यावर सगळे हसले, माझ्यासकट. शेवटी अध्यक्षांच्या मातोश्री, ज्यांचे त्या योजनेत सर्वांत जास्त पैसे बुडाले, त्या म्हणाल्या, “अरे, फसवणारा तो फसवणारा. त्याला दुसरं नाव कशाला पाहिजे?” तेच लिहिलं. पेंटरने अक्षरं वाढली म्हणून तीस रुपये जास्त घेतले. पाटी तुमच्या डाव्या हाताला आहे. ‘व’वरचा रंग थोडा उडाला आहे, तेवढा यंदा समितीने करून घ्यावा.

जयभीम.